पेटीतल्या मुलीची आई

"चिंचवड, सोमवार (आमच्या बातमीदाराकडून) – येथील दवाखान्यात काल सकाळी कृत्रिम गर्भाशयातून एका बालिकेचा जन्म झाला. सातव्या महिन्यातच बाहेर आलेल्या या बालिकेला उरलेले दोन महिने यंत्राने वाढविले. बालिकेची प्रकृती उत्तम असून तिची माता सौ. पार्वती, रा. निघोजे, यांनी डॉक्टरांचे आभार मानले."

ही बातमी माझी आहे. एकोणीसशे पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला पुण्याच्या एका दैनिकात ती पहिल्या पानावर, चौकटीत आली. चौकटीत आलेली माझी ती पहिलीच बातमी. वाक्ये तीन आहेत आणि चुकाही तीन आहेत. छापून आली त्या दिवशी मला त्यांतली एकही दिसली नव्हती.

हल्ली परदेशातली एक बातमी अधूनमधून वाचतो. मेंढीचे अपुऱ्या दिवसांचे कोकरू पाण्याने भरलेल्या पारदर्शक पिशवीत वाढवले. आज ना उद्या माणसाचे मूलही वाढवता येईल, असे म्हणतात. त्या बातमीखाली जाणकारांचे प्रश्न होते. अशा मुलाचा जन्म कोणत्या दिवशी झाला म्हणायचे? आई कोणाला म्हणायचे? मी पेपर घडी करून ठेवला. हे प्रश्न निघोज्याच्या एका बाईने साठ-पासष्ट वर्षांपूर्वी माझ्या खोलीच्या दारात उभे राहून विचारले होते. आणि त्यांची उत्तरे मी तिच्या आधीच छापून बसलो होतो.

बाहेरगावचा बातमीदार म्हणजे काय, हे आता सांगावे लागते. कासारवाडीपासून चाकणपर्यंतचा मुलूख माझ्याकडे होता. कारखाने नुकते कुठे येऊ लागले होते, बाकी सगळी शेते. सकाळी सायकल काढायची. पोलीस चौकी, दवाखाना, बाजार, एखादे गाव असे फिरायचे. दुपारी लिहायचे आणि पाकीट चिंचवड स्टेशनवर पुण्याकडे जाणाऱ्या गाडीच्या गार्डच्या हातात द्यायचे. पुणे स्टेशनवर कचेरीचा शिपाई ते उतरवून घेई. लोक घरीही बातम्या घेऊन येत. दिघीचे एक गृहस्थ आपल्या म्हशीच्या दुधाचा उच्चांक दर महिन्याला लेखी आणून देत आणि तो छापला नाही की म्हशीच्या वतीने रागावत.

कचेरीत अंकाच्या दोन आवृत्त्या निघत. आधी डाक आवृत्ती. ती लवकर छापून गावोगाव जायची. मग काही पाने बदलून शहर आवृत्ती. ती पुण्यात आणि सकाळच्या गाडीने चिंचवडपर्यंत. दोन्हींचे नाव, तारीख, किंमत एकच. मजकूर मात्र सगळा एक नसे. वाचकांना हे ठाऊक नसे. आम्हाला ठाऊक असूनही ध्यानात राहत नसे.

आमचे मुख्य उपसंपादक नाना. बातमी कशी लिहायची ते मला त्यांनी शिकवले. त्यांचा एक नियम होता: बातमी कालची असावी. परवाची असेल तर तिच्यात कालचे काहीतरी शोधावे. "शिळी भाकरी कुणी विकत घेत नाही रे," असे म्हणून ते माझ्या बातमीवर लाल पेन्सिलीने काट मारीत.

तर दवाखाना. चिंचवडला एक छोटे प्रसूतिगृह होते. डॉ. लीलाबाई ते चालवीत. वय पस्तिशीचे, बोलणे मोजके. अपुऱ्या दिवसांची मुले त्यांच्या हातांत दिवसा-दोन दिवसांत थंड पडून जात; त्याचा त्यांनी धसका घेतला होता. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात अशा मुलांसाठी काचेची उबदार पेटी असते, ती त्यांनी पाहिली होती. विकत घेणे शक्य नव्हते. त्यांनी कासारवाडीच्या हुसेनमिस्त्रींना बोलावले.

मिस्त्री एका पंपाच्या वर्कशॉपमध्ये होते आणि सुट्टीच्या दिवशी एका कोंबडीफार्मवरचे अंडी उबवायचे यंत्र दुरुस्त करीत. त्याच यंत्राच्या बेतावर त्यांनी पेटी केली. प्लायवूडच्या भिंती, वरून काच, खाली चार दिवे, पाण्याचा ट्रे, आणि ऊब ठरल्यापेक्षा वाढली की दिवे आपोआप बंद करणारी एक चकती. वीज गेली तर कापडात गुंडाळायला तापवलेल्या विटा तयार ठेवलेल्या असत.

चैत्रात त्या पेटीत निघोज्याची मुलगी आली. तीन पौंडांचीही नव्हती. तिची आई कांदा काढताना वावरातच अडली होती. बैलगाडीतून इंद्रायणी उतरून, चिखलीवरून तिला आणले, आणि आल्यावर तासाभरात ती मोकळी झाली.

मी दर आठ-दहा दिवसांनी ती पेटी पाहायला जाई. खोलीत कुणाला सोडत नसत. जंतू जातील म्हणून लीलाबाईंची सक्त मनाई होती, आईलासुद्धा. दाराला वीतभर काच होती, तिच्यातून पाहायचे. दूध वॉर्डातल्या इतर बाळंतिणींचे काढून थेंबाथेंबाने पाजत. माझ्या वहीत मी सगळे टिपले होते: तापमान, वजन, दिव्यांची संख्या, चकतीचा व्यास. एका भेटीच्या नोंदीखाली असेही लिहिले होते: "पायरीवर एक बाई बसलेली." ती वाटेत होती. मी तिला वळसा घालून आत गेलो. ती कोण, हे मी विचारले नाही.

दोन महिने झाले तेव्हा मी मिस्त्रींना म्हणालो, "मिस्त्री, तुम्ही तर कृत्रिम गर्भाशयच केलात."

मिस्त्री पेटीच्या झाकणाची बिजागरी तेलाने पुसत होते. "भाऊ, पेटी लिहा," ते म्हणाले. "लिहायचं तर पेटी लिहा."

"पेटी म्हटलं तर वाचणार कोण?"

"वाचू नका म्हणावं. अहो, या पेटीला कडी आहे. ही बघा. कडी कुणीही उघडतं, कुणीही घेऊन जातं. आईच्या कुशीला कडी असते का?"

मी हसलो. चांगले वाक्य आहे म्हणून वहीत टिपले आणि बातमीत घेतले नाही.

ज्येष्ठातल्या एका रविवारी मुलगी पेटीतून बाहेर काढली. निघोज्याहून तिची आजी भागाबाई आली होती. ताठ, सत्तरीची, बोलायला खणखणीत. बरोबर नव्या लुगड्यातली सून. लीलाबाई आत एका अडलेल्या बाईपाशी होत्या. नर्सने मुलगी बाहेर आणली. भागाबाईंनी सुनेला पदर पसरायला सांगितले आणि मुलगी तिच्या ओटीत घातली. ती सून इतकी रडत होती की तिला बोलताच येईना. मी भागाबाईंना विचारले, "आई कोण? नाव काय?"

"ह्येच की. पार्वती," भागाबाई म्हणाल्या. "हिच्याच वटीत घातलंय न्हवं तुमच्या म्होरं."

मी लिहून घेतले.

सोमवारी पाकीट पाठवताना नानांचा नियम आठवला. जन्म चैत्रातला, म्हणजे दोन महिन्यांचा शिळा. कालचे काय होते? पेटीतून बाहेर येणे. मी लिहिले, "काल सकाळी जन्म झाला." नानांनी पहिल्यांदाच माझ्या मजकुराला लाल पेन्सील लावली नाही.

गुरुवारी सकाळी माझ्या खोलीच्या दाराशी एक बाई आली. वय बावीस-तेवीस. पाय घोट्यापर्यंत धुळीने भरलेले. निघोज्याहून चालत आली होती. मी चेहरा ओळखला, पण कुठे पाहिला ते चटकन आठवेना.

"पेपरवालं दादा तुमीच न्हवं?"

"हो."

"मी अनुसया. निघोज्याची. त्या पेटीतल्या पोरीची आई."

मी म्हणालो, "आई पार्वती ना?"

"त्या माझ्या थोरल्या जाऊबाई. बारा वर्सं झाली लग्नाला, पोटी काय न्हाई." ती उंबऱ्याबाहेरच उभी होती. आत या म्हटले तरी येईना. "दादा, चैतात मी बाळंत झाले. सव्व्या दिशी सासूबाईंनी नेलं मला दवाखान्यातनं. कांदा काढायचा ऱ्हायला हुता."

"सहाव्या दिवशी? वावरात?"

"व्हय. मी म्हनलं, बाळंतीण हाय मी. त्या म्हनल्या, बाळंतीण कशाची? पोर कुठाय? पेटीत हाय. पेटी बाळंत व्हईल तवा बघू. ना शेक, ना शेगडी. पाचवी न्हाई पुजली. कांद्याची पात कापताना अंगावर जायचं, तशीच बसायचे वाफ्यात. दूध आलं ते आठ-धा दिसांत आटलं. कुनाला पाजू? आठवड्यातनं एकदा पळून यायचे दवाखान्यात. आत सोडत न्हाईत. पायरीवर बसून ऱ्हायचे."

तेव्हा मला तो चेहरा आठवला.

"तुमचे मालक काय म्हणतात?"

"खडकीला कारखान्यात हाईत, रविवारी येत्यात. ते म्हनत्यात, घरातल्या घरात तर हाय पोर. कुठं गेलंय?" तिने पदराने तोंड पुसले. "आज पाचवी पुजनार हाईत, पन जाऊबाईंच्या हातनं. पेटीतनं आली तवाधरनं दीस मोजत्यात. फुडच्या गुरवारी बारसं हाय. पाळन्यात घालताना आई म्हनून कुनाचं नाव घेतलं की झालं, दादा. मग काय ऱ्हायलं माझं?"

"पण गावाला माहीत आहे ना, गाडीतून तुम्हाला नेलं ते?"

"गावाला समदं म्हाईत हाय. तरी मास्तरनं चावडीवर तुमचा पेपर वाचला. यंत्रानं वाढिवली, कालच जलमली, आई पार्वती. सासूबाईंनी तो कागद मागून घेतला. कुनी काय बोललं की म्हनत्यात, सरकारी छाप्यात आलंय, तुमी कोन?" मग ती अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "दादा, फकस्त येवढंच लिवा. बाळंत मी झाले. येवढंच."

मी लिहिलेली वाक्ये कुणाच्या तरी घरात शिरून कामाला लागली होती. मी शोभा म्हणून घातलेला शब्द एका बाईला वाफ्यात बसवायच्या कामी आला नव्हता खरा, ते त्याच्या आधीच झाले होते. पण झाले ते बरोबरच झाले, अशी सही माझ्या शब्दाने केली होती.

"बारशाच्या आधी छापून येईल," मी तिला सांगितले. "तुम्ही निर्धास्त जा."

आता पुढचे. मी शिकलेला माणूस होतो. एकदा चूक झाली, पुन्हा होऊ नये म्हणून पुराव्याशिवाय एक अक्षर लिहायचे नाही असे ठरवले. लीलाबाई पुण्याला गेल्या होत्या, त्या सोमवारी येणार होत्या. मी सोमवारपर्यंत थांबलो. बाई समोर उभी राहून सांगून गेली होती, नर्स सांगायला तयार होती, तरी मी थांबलो. सोमवारी लीलाबाईंना सगळे सांगितले. त्यांनी नोंदवही काढली. चैत्रातली तारीख, "अनुसया, निघोजे, सातवा महिना, मुलगी." त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवले.

"मला वाटलं, आईला बरं नाही म्हणून मुलीला न्यायला जाऊ आली," त्या म्हणाल्या. "आणि ती दर आठवड्याला येऊन पायरीवर बसायची ते मी बघत होते हो. जंतू जातील म्हणून आत घेतलं नाही. मुलगी जगवायची एवढंच डोक्यात. मुलगी कुणासाठी जगवायची, हे आलंच नाही डोक्यात."

मी त्यांच्याकडून लेखी पत्र मागितले. ते मंगळवारी मिळाले. मंगळवारच्या संध्याकाळच्या गाडीने दुरुस्ती गेली. मी ती सविस्तर लिहिली होती: जन्म चैत्रातला, बाळंत झाली ती अनुसया, यंत्र म्हणजे ऊब देणारी पेटी. नानांनी तिच्यातले दोन-अडीच ओळींएवढे ठेवले. दुरुस्तीत मूळ चूक पुन्हा सांगायची नाही, हा आमच्याकडे नियम होता. बुधवारी सकाळी अंक आला. तिसऱ्या पानाच्या तळाशी:

"दुरुस्ती – गेल्या आठवड्यात प्रसिद्ध झालेल्या एका बालिकेविषयीच्या बातमीत मातेचे नाव चुकीचे पडले. त्या बालिकेची माता सौ. अनुसया, रा. निघोजे, ही होय."

मला बरे वाटले. अगदी खरे सांगायचे तर अभिमान वाटला. एका अडाणी बाईच्या शब्दासाठी दैनिकाने चूक कबूल केली होती. गुरुवारी हुसेनमिस्त्री बारशाला जाणार होते. त्यांनी स्वतः केलेला पाळणा ते घेऊन चालले होते. मी त्यांना म्हणालो, "अनुसयाबाईंना सांगा, छापून आलंय. कालच्या अंकात."

मिस्त्री म्हणाले, "मग तो अंक द्या की, नेतो."

माझ्याकडे एकच प्रत येई. ती मी फाइलला लावली होती. मी म्हणालो, "गावात येतोच ना अंक. चावडीवर असेल."

मिस्त्री शुक्रवारी आले. सायकल भिंतीला टेकवली आणि दारात उभे राहिले. नेहमीसारखे "काय भाऊ" म्हणाले नाहीत.

"काय झालं?"

"तुम्ही छापलं होतं ना?"

"छापलं होतं. हे बघा." मी फाइल उघडून दाखवली.

त्यांनी ते वाचले. पुन्हा वाचले. "निघोज्याच्या अंकात हे नाही," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितले. ते पोचले, अनुसयेला निरोप दिला. ती तशीच हात पुसत चावडीवर गेली. बाया तिकडे जात नाहीत, ती गेली. बारशाला आलेले पाहुणे, गावातले थोर, सगळे बसलेले. ती मास्तरांना म्हणाली, कालचा पेपर वाचा, त्यात माझं नाव आलंय. मास्तर भला माणूस. त्यांनी अंक काढला. पहिले पान वाचले, दुसरे वाचले, तिसरे वरपासून खालपर्यंत वाचले. ज्या जागी दुरुस्ती होती तिथे निघोज्याच्या अंकात केसांच्या तेलाची जाहिरात होती. चौथे पान झाले. मास्तर म्हणाले, "बाई, न्हाई बघा यात काही."

"आणि?"

"आणि काय भाऊ. म्हातारी दारात उभी होती. ती म्हणाली, 'बगा! पेपरवाल्यानं बी न्हाईच म्हनलं.' लोक हसले. सगळे नाही, पण हसले." मिस्त्रींनी फाइल मिटली. "मग बारसं झालं. मथुरा नाव ठेवलं. अनुसयाबाई पाळण्याची दोरी ओढत होती. मी केलेला पाळणा."

दुरुस्ती कचेरीत पोचली तेव्हा डाक आवृत्ती छापायला गेली होती. ती शहर आवृत्तीत गेली. शहरातल्या हजारो लोकांना, ज्यांचे त्या मुलीशी काही देणेघेणे नव्हते, ती वाचायला मिळाली. ज्या एका गावासाठी ती लिहिली होती, तिथे ती गेलीच नाही. हे मला बुधवारीच कळायला हवे होते. दोन्ही आवृत्त्या ताडून पाहाव्यात, हे आमच्या धंद्यात नवशिक्यालाही सांगतात.

नानांना म्हटले, डाक आवृत्तीत पुन्हा छापा. नाना म्हणाले, "दुरुस्ती एकदाच छापतात रे. दोनदा छापली तर लोकांना वाटेल, दोनदा चुकलो." त्यांना त्यात काही वावगे वाटले नाही. त्या दिवसापर्यंत मलाही वाटले नसते.

मी फाइलमधली प्रत काढली आणि निघोज्याला गेलो. चावडीवर मास्तरांनी ती मोठ्याने वाचली. भागाबाई समोर येऊन बसल्या.

"ह्यो वायला कागद हाय," त्या म्हणाल्या. "आमच्या गावातल्या कागदात ह्ये न्हाई. तुमी आधी एक छापता, मग दुसरं छापता. उद्या तिसरं छापाल. आमी कंचं खरं धरायचं?"

"आजी, ती बाळंत झाली. दवाखान्याच्या वहीत आहे."

"झाली आसंल. म्या न्हाई कधी म्हनलं?" त्यांचा आवाज थोडा खाली आला. त्या दुष्ट बाई नव्हत्या. हे लिहिताना मला आजही अवघड जाते, पण नव्हत्या. "थोरलीला बारा वर्सं लोक वांझ म्हनत्यात. पान्यावर जाईना झाली ती, हिरीकडं नुसती बगत ऱ्हायची. धाकटीला हुतील आनखी, तरनी हाय. सात म्हयनं हिच्या पोटात, दोन म्हयनं पेटीत. पुरं कुनी केलं? पेटीनं. पेटीच्या पोराला आई कंची? आमी घरानं ठरिवली. आन तुमी तर लिवून दिलं. मी पार्वती सांगितलं, तुमी लिवलं. एकदा तरी इचारलंत का, बाळंत कोन झालं?"

मी विचारले नव्हते. चकतीचा व्यास विचारला होता.

पाटील म्हणाले, "आता नाव ठिवलं, पाळन्यात घातलं. ते काय उठिवता येतंय व्हय? घरात हाय, ग्वाड मानून घ्या."

अनुसया भिंतीशी उभी होती. बोलणे संपल्यावर ती पुढे आली आणि मास्तरांच्या हातातला अंक मागितला. दुरुस्तीचा तेवढा तुकडा तिने फाडून घेतला आणि उरलेला अंक मला परत केला. तिला अक्षर वाचता येत नव्हते. तुकडा कोणता ते तिने मास्तरांचे बोट जिथे थांबले होते त्यावरून ओळखले होते.

परत आल्यावर लीलाबाईंना सांगितले. त्यांनी मिस्त्रींना बोलावले. मिस्त्रींनी पेटीच्या एका बाजूला हात जाईल एवढी दोन गोल भोके पाडली आणि त्यांना कापडाच्या बाह्या शिवून घेतल्या. पुढे त्या पेटीत जे जे मूल राहिले त्याच्या आईने रोज हात धुऊन, त्या बाह्यांतून आत घालून मुलाला धरायचे असा नियम झाला. आणि कडी आईनेच उघडायची. मी त्याची बातमी केली नाही. मिस्त्री म्हणाले, "आता लिहा की." मला धीर झाला नाही.

आठ-नऊ वर्षांनी चाकणच्या कांद्याच्या भावावर लिहायचे म्हणून मी त्या भागात हिंडत होतो. निघोज्याला तिच्याच अंगणात जावे लागले. कांद्याची मोठी चाळ त्यांचीच होती. भागाबाई वारल्या होत्या. अनुसया आणि पार्वती समोरासमोर बसून कांदे निवडत होत्या. अनुसयेला पुढे मूल झाले नाही, असे मास्तरांकडून कळले होते. मला पाहून ती उठली, पाणी आणले. पार्वतीने पदर सारखा केला आणि मान खाली घातली.

एक मुलगी दप्तर घेऊन आत आली. रोड, उंच, काळेभोर डोळे. "आई, भूक लागली," ती पार्वतीला म्हणाली. पार्वतीने भाकरी दिली.

"मथुरे," अनुसया म्हणाली, "हिकडं ये. पाव्हन्यांना वाचून दाव. लई ग्वाड वाचती, दादा. चौथीत हाय."

"काय वाचू, काकी?"

अनुसया घरात गेली आणि कापडात गुंडाळलेला एक पिवळा तुकडा घेऊन आली. घड्यांवर तो फाटत आला होता. मी ओळखला. पार्वतीनेही ओळखला असावा. तिच्या हातातला कांदा हातातच राहिला.

मुलगी उभी राहिली आणि शाळेत वाचतात तसे, एकेक शब्द सोडवून, मोठ्याने वाचू लागली. "दु-रुस्ती. गेल्या आठवड्यात प्र-सिद्ध झालेल्या एका बालिकेवि-षयीच्या बातमीत मातेचे नाव चुकीचे पडले. त्या बालिकेची माता सौ. अनुसया, रा. निघोजे, ही होय."

अनुसयेचे डोळे मिटलेले होते.

"काकी, ह्ये तर तुझं नाव हाय!" मुलगी म्हणाली. "कंची बालिका? तू कुनाची माता?"

मुलगी एकीकडून दुसरीकडे पाहत होती.

"वाच की," अनुसया म्हणाली. "फुडं वाच."

मुलीने तुकडा उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला.

"फुडं काय न्हाई, काकी. हितंच संपलंय."